वगळलेले आणि तपासलेले

कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधील कोणताही कमिट, म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद, उघडून पाहिला, तर आत मोजक्याच गोष्टी सापडतात: त्या क्षणीच्या सर्व फाइलींकडे नेणाऱ्या ट्रीचा (फाइलींच्या यादीचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, आधीच्या कमिटचा हॅश, लेखकाचे नाव आणि वेळ, कमिट करणाऱ्याचे नाव आणि वेळ, कुणी सही केलेली असेल तर ती सही, आणि त्याखाली संदेश. हा कमिट नोंदवला जाण्यापूर्वी संगणकाने त्यावर काही तपासण्या चालवल्या होत्या की नाही, याबद्दल तिथे एक अक्षरही नसते. ज्याने चाचण्या, कोडच्या लिखाणातील चुका दाखवणारा लिंटर आणि पासवर्ड शोधणारा स्कॅनर हे सगळे सोपस्कार पार पाडले आणि ज्याने ‘--नो-व्हेरिफाय’ लिहून एका क्षणात काम उरकले, त्या दोघांचे कमिट इतिहासात शेजारीशेजारी, सारख्याच चेहऱ्याने उभे असतात. तपासण्या वगळता येतात याची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण त्या कधी ना कधी वगळाव्या लागतातच. माझी तक्रार वेगळी आहे. वगळलेले आणि उत्तीर्ण झालेले यांतला फरक आमची साधने पुसून टाकतात, आणि तो अशा ठिकाणी पुसतात की नंतर कितीही शोधले तरी हाती लागत नाही.

या तपासण्या चालवतो तो हुक, म्हणजे ठरावीक क्षणी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम; कमिटच्या आधी चालणाऱ्या हुकाचे नाव ‘प्री-कमिट’. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे गिटऐवजी सबव्हर्जन हे जुने साधन होते. त्यातही ‘प्री-कमिट’ नावाचाच हुक होता, पण तो सर्व्हरवर बसलेला असे. सबव्हर्जनमध्ये कमिट करणे म्हणजेच सर्व्हरकडे पाठवणे, त्यामुळे सर्व्हरवरचा हुक नाही म्हणाला की तो कमिट जन्मालाच येत नसे आणि आपल्या टेबलावर बसून त्याला चकवण्याचा मार्ग कुणाकडे नव्हता. हुक बदलायचा तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे जावे लागे. गिट आल्यावर नाव तेच राहिले आणि जागा बदलली. गिटचा प्री-कमिट हुक ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्याच रेपोच्या (प्रकल्पाच्या फाइली आणि इतिहास यांच्या साठ्याच्या) ‘.गिट’ फोल्डरात राहतो आणि त्याच्याच मर्जीने चालतो. सबव्हर्जनवर वाढलेल्या कित्येक व्यवस्थापकांच्या मनात मात्र ‘प्री-कमिट लावला आहे’ या वाक्याचा अर्थ जुनाच राहिला आहे, आणि प्रकल्पाच्या सुरक्षेविषयीच्या कागदपत्रांत ते वाक्य आजही त्याच जुन्या अर्थाने लिहिले जाते.

ही जागा चुकून बदललेली नाही. त्याआधी वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाचा विनामूल्य परवाना हातून गेल्यावर लायनस टोरवाल्ड्स यांनी 2005च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नेलसाठी गिट लिहिले, तेव्हापासून प्रत्येकाची प्रत ही पूर्ण आणि स्वतंत्र प्रत मानली गेली. माझ्या प्रतीत काय चालावे हे मी ठरवायचे. म्हणूनच क्लोन करताना, म्हणजे रेपोची आपली प्रत उतरवून घेताना, हुक सोबत येत नाहीत, ‘.गिट/हुक्स’मध्ये येतात त्या फक्त ‘.सॅम्पल’ शेपटीच्या निरुपद्रवी नमुना-फाइली. हुक हा शेवटी एक प्रोग्राम आहे. तो क्लोनबरोबर येऊन आपोआप चालू लागला, तर अनोळखी माणसाचा रेपो नुसता उतरवून घेणे म्हणजे त्याचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवणे ठरेल. ही भीती कल्पनेतली नाही. 2024च्या मे महिन्यात गिट 2.45.1मध्ये नेमकी अशीच एक फट बुजवली गेली: फाइलनावांतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद न करणाऱ्या फाइलव्यवस्थेवर, सबमॉड्यूल (रेपोतला रेपो) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) यांची खुबीने रचना केलेला रेपो क्लोन करतानाच आपला हुक घुसवून चालवू शकत होता. त्याच आवृत्तीत जादा खबरदारी म्हणून क्लोनच्या वेळी हुक चालवण्यालाच अटकाव केला गेला, तेव्हा मोठ्या फाइलींसाठी हुकांवरच विसंबणारे गिट एलएफएस मोडले, आणि 2.45.2मध्ये तो अटकाव मागे घ्यावा लागला. हुक सक्तीचे करा असे कुणी बैठकीत तावातावाने म्हणाले, की मला हा प्रसंग आठवतो.

तेव्हा हुक प्रत्येकाने आपल्या हाताने बसवायचे, आणि ते काम सोपे करण्यासाठी हस्की, प्री-कमिट फ्रेमवर्क यांसारखी साधने आली. एखाद्या रेपोत हस्कीने ‘कोअर.हुक्सपाथ’ हे हुक कुठे शोधायचे ते सांगणारे सेटिंग आधीच लावून ठेवले असेल, तर प्री-कमिट फ्रेमवर्क आपले हुक बसवायला चक्क नकार देते आणि त्या संदेशात स्वतःला भित्रेही म्हणवून घेते. हा संदेश मला आवडतो. निदान तो काहीतरी बोलतो.

कारण बहुतेक वेळा तपासणी वगळली जाते ती कुणी मुद्दाम वगळली म्हणून नव्हे, आणि तेव्हा कुणीच काही बोलत नाही. हस्कीचेच पाहा. ते ‘कोअर.हुक्सपाथ’ला ‘.हस्की’मधील एका उपफोल्डराकडे वळवते. तो उपफोल्डर पॅकेज बसवताना तयार होतो आणि गिटच्या देखरेखीबाहेर राहतो. आता त्याच रेपोची दुसरी कार्यप्रत ‘गिट वर्कट्री’ने काढली, की सेटिंग दोन्हींना समाईक असते, पण नव्या प्रतीत पॅकेज बसवलेली नसल्याने तो उपफोल्डरच नसतो. गिट तिथे हुक शोधते, सापडत नाही, आणि हुक नाही म्हणजे तपासायचे काही नाही असे मानून कमिट करून टाकते. इशारा नाही, सूचना नाही. हुकाची फाइल असून तिला चालवण्याची परवानगी नसेल, तर अलीकडच्या आवृत्त्या निदान एक ओळ छापतात की हुकाकडे दुर्लक्ष केले. फाइलच नसेल तर तेवढेही नाही. लिबगिट2 या लायब्ररीवर उभी असलेली साधने हुक चालवतच नाहीत, आणि ब्राउझरमध्ये फाइल उघडून तिथल्या तिथे केलेल्या दुरुस्तीचा तुमच्या लॅपटॉपवरील हुकाशी संबंधच येत नाही.

यात मला सर्वांत खटकतो तो मर्ज, म्हणजे दोन ब्रँच (कामाच्या समांतर शाखा) एकत्र करणे. दोन ब्रँचमधील बदल कुठेही एकमेकांवर आदळले नाहीत, की गिट स्वतःच मर्जचा कमिट बनवते आणि त्या वेळी प्री-कमिट हुक चालत नाही. पण आदळले नाहीत याचा अर्थ जुळले असा होत नाही. एकाने एका फंक्शनचे नाव बदलले आणि सर्व जुन्या जागा दुरुस्त केल्या. दुसऱ्याने त्याच वेळी आपल्या ब्रँचमध्ये एका नव्या फाइलीत त्याच फंक्शनला जुन्या नावाने हाक मारली. दोघांचेही काम आपापल्या जागी तपासून निघालेले, दोघांचेही बरोबर, आणि मर्जनंतरचा कोड मात्र चालणारच नाही. ज्या कमिटमधला कोड आजवर कुणाच्याही यंत्रावर एकत्र अस्तित्वात नव्हता, नेमका तोच बिनतपासणीचा सुटतो. यासाठी ‘प्री-मर्ज-कमिट’ हा वेगळा हुक 2019च्या नोव्हेंबरमध्ये, गिट 2.24मध्ये आला, पण तो बसवलेला रेपो मी क्वचितच पाहिला आहे. रीबेसचेही, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या पायावर नव्याने रचण्याचेही, तसेच आहे. विनाअडथळा पार पडलेल्या रीबेसमध्ये गिट एकामागून एक नवे कमिट घडवते, जुन्यांचे संदेश, लेखकाचे नाव आणि बदल घेऊन, आणि त्यांतल्या एकाहीसाठी प्री-कमिट चालत नाही. ‘रीबेस --एक्झेक’ वापरून प्रत्येक पायरीवर चाचणी चालवता येते. पण ते माहीत असावे लागते आणि तेवढा वेळ द्यावा लागतो.

मुद्दाम वगळण्याच्या बाबतीतही गिटने वापरणाऱ्याच्या पायात एक छान दोरी गुंडाळून ठेवली आहे. ‘--नो-व्हेरिफाय’चे लघुरूप आहे ‘-एन’. आता ‘गिट ॲड -एन’, ‘गिट क्लीन -एन’, ‘गिट पुश -एन’ या सर्वांत त्या अक्षराचा अर्थ ‘खरे काही करू नको, काय होईल ते फक्त दाखव’ असा आहे. ‘गिट मर्ज -एन’मध्ये तो आकडेवारी छापू नको असा होतो, ‘चेरी-पिक -एन’मध्ये कमिट करू नको असा, आणि ‘फेच -एन’मध्ये टॅग आणू नको असा. त्यामुळे सावधपणे वागणारा एखादा नवखा आधी नुसते बघू म्हणून ‘गिट कमिट -एन’ लिहितो, तेव्हा कमिट प्रत्यक्षात होतो आणि तोही सर्व तपासण्या बाजूला सारून. बरे, हा पर्याय प्री-कमिट आणि कमिट-मेसेज या दोन हुकांनाच थांबवतो. प्रिपेअर-कमिट-मेसेज आणि पोस्ट-कमिट हे दोघे त्याला जुमानत नाहीत. सगळे बंद केले असे समजणाऱ्याचेही अर्धेच खरे असते.

पुशच्या, म्हणजे आपले कमिट सर्व्हरकडे पाठवण्याच्या, वेळी वगळले तर काय होते, याचा एक नमुना आमच्या टीमने पाहिला. प्रकल्पात चित्रे बरीच होती आणि ती गिट एलएफएसमधून ठेवलेली होती. एलएफएसची योजना अशी असते की रेपोत चित्राऐवजी तीन ओळींची एक मजकूर-फाइल जाते: पहिल्या ओळीत आवृत्तीचा पत्ता, दुसरीत चित्राचा शा-256 हॅश, तिसरीत त्याचा आकार बाइटमध्ये. खरे चित्र वेगळ्या वाटेने सर्व्हरवर चढवण्याचे काम करतो तो प्री-पुश हुक. आमच्या प्रकल्पात त्याच प्री-पुश हुकाला कुणीतरी संपूर्ण चाचण्यांचा संचही जोडून ठेवला होता, आणि तो चहा पिऊन परत यावे इतका वेळ घेई. एका संध्याकाळी एका सहकाऱ्याने चाचण्या टाळण्यासाठी ‘पुश --नो-व्हेरिफाय’ केले. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त चाचण्या वगळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांनी रेपो अद्ययावत करायला घेतला, त्यांचे काम ती चित्रे उतरवताना अडले. एकीने एलएफएसचे उतरवणे बंद ठेवून पाहिले, तर चित्रांच्या जागी तीच तीन ओळींची मजकूर-फाइल. चित्रे होती फक्त एका लॅपटॉपवर, आणि त्या लॅपटॉपचा मालक गावी जायला निघाला होता. गिटहब किंवा गिटलॅब या रेपो सांभाळणाऱ्या सेवांनी असा पुश दारातच अडवला असता, कारण नसलेल्या एलएफएस फाइलींचा उल्लेख ते तपासतात. आमच्या त्या जुन्या घरगुती सर्व्हरला ती अक्कल नव्हती. दोष त्या सहकाऱ्याला देण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. एकाच हुकात टाळता येण्याजोगे काम आणि टाळताच न येणारे काम एकत्र बांधणाऱ्याने तो प्रसंग कधीच लिहून ठेवला होता.

म्हणजे लोक तपासण्या का वगळतात याचे उत्तर बहुतेकदा तपासणी लिहिणाऱ्याच्या बाजूला सापडते. बदललेल्या चार ओळींसाठी संपूर्ण प्रकल्पाचे लिंटिंग करणारा, किंवा दुसऱ्याने आधीच करून ठेवलेल्या घाणीसाठी मला अडवणारा हुक आठवडाभरात सगळ्या टीमला ‘-एन’ शिकवतो, आणि एकदा ते बोटांना शिकवले की मग हुक कितीही सुधारला तरी उपयोग होत नाही. प्री-कमिट फ्रेमवर्कमध्ये ‘स्किप’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने नेमका एकच नाठाळ हुक वगळून बाकीचे चालू ठेवता येतात. आणि चालवताना ते त्या हुकाच्या नावापुढे ‘वगळला’ असे स्पष्ट छापते, ‘उत्तीर्ण’ नव्हे. पण घाईच्या वेळी आठवते ते सरसकट वगळणेच.

मराठीत काम करणाऱ्यांना याचा एक खास अनुभव येऊ शकतो. गिटबरोबर येणारा प्री-कमिटचा नमुना सुरू केला, तर तो आस्कीबाहेरचे, म्हणजे साधी रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी विरामचिन्हे यांपलीकडचे, कोणतेही चिन्ह असलेले फाइलनाव अडवतो. ‘दुसऱ्या सत्राच्या नोंदी’ अशा नावाची फाइल जोडायला गेलात की तो सांगतो, असे नाव इतर यंत्रांवर अडचण करेल, ते बदलणे बरे. आणि काय करताय ते कळत असेल तर ‘हुक्स.अलाउनॉनआस्की’ हे सेटिंग चालू करा. पहिल्यांदा वाचताना राग येतो. आमच्या भाषेत फाइलीला नाव ठेवणे हा गुन्हा कधीपासून झाला? पण याच नावात त्या इशाऱ्याचे कारणही दडलेले आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याला जोडलेला नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नाव साठवताना अशा चिन्हांची फोड करून ठेवत असे. लिनक्स जसे टंकले तसे ठेवते. त्यामुळे लिनक्सवर जोडलेली फाइल मॅकवर उतरवली की गिटच्या लेखी ती निराळ्याच नावाची फाइल होई, आणि आपण कधी बनवलीच नाही अशी एक अनोळखी फाइल यादीत दिसू लागे. 2012मध्ये गिट 1.7.12ने ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ आणून हे बरेचसे निस्तरले. आज तो नियम मला कालबाह्य वाटतो, आणि तो त्या एका सेटिंगने कायमचा, उघडपणे बंद करणे योग्यच आहे. रेपोला सोबतच्या सूचनांत एक ओळ लिहायची की येथे देवनागरी फाइलनावे चालतात. हेच काम दर वेळी ‘-एन’ने केले, तर फाइलनावाच्या तपासणीबरोबर त्याच हुकातली अनावश्यक मोकळ्या जागा शोधणारी तपासणीही गुपचूप निघून जाते, आणि पुढे येणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

स्थानिक हुक हा घरातून निघताना कुलूप ओढून पाहण्याच्या सवयीसारखा आहे. आपल्याच भल्याचा, आणि कुणाला त्याची ग्वाही देण्यासाठी नसलेला. ग्वाही हवी असेल तर तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा चालली पाहिजे, हे आता बहुतेकांना मान्य आहे. पण सर्व्हरवरही वगळण्याच्या वाटा आहेत. गिटहब ॲक्शन्स या तपासण्या आपोआप चालवणाऱ्या सेवेत 2021पासून कमिटच्या संदेशात चौकटी कंसात ‘स्किप सीआय’ लिहिले की तपासण्या सुरूच होत नाहीत. ही सोय निदान दिसते तरी; ती संदेशातच कोरलेली राहते. तिचा त्रास वेगळा. कुणीतरी नुसता रीडमी बदलताना आपल्या ब्रँचवर ते शब्द लिहितो, पुढे सगळे कमिट एकत्र करून स्क्वॉश-मर्ज करताना जुने संदेश जोडून नवा संदेश तयार होतो, त्यात ते शब्द तसेच राहतात, आणि मुख्य ब्रँचवर सगळ्या कामाची तपासणी चुकते. आणखी एक बारकावा फार कमी लोक वाचतात. एखादा संपूर्ण वर्कफ्लो (अशा कामांचा संच) संदेशामुळे किंवा फाइलींच्या अटीमुळे वगळला गेला, तर त्याची आवश्यक तपासणी ‘प्रलंबित’ राहते आणि मर्ज अडतो. पण वर्कफ्लोमधले एखादे काम अटीमुळे वगळले गेले, तर त्याची नोंद ‘यशस्वी’ अशी होते आणि मर्ज सुटतो. एकाच पडद्यावर न झालेल्या कामाचे दोन अर्थ. यातला दुसरा अर्थ अनेकांच्या सोयीचा आहे हे मला कळते, तरी न चाललेल्या चाचणीपुढे हिरवी खूण पाहिली की मला अस्वस्थ वाटते.

वगळण्याची माझ्या मते सर्वांत नीट केलेली व्यवस्थाही गिटहबवरच आहे: पुशमध्ये एखादी गुप्त चावी आढळली तर ती अडवणारी ‘पुश प्रोटेक्शन’. ती ओलांडता येते, पण कारण निवडावे लागते. हे चाचणीत वापरले आहे, हा खोटा इशारा आहे, किंवा मी हे नंतर दुरुस्त करेन. पहिली दोन कारणे निवडली तर इशारा बंद होऊन नोंदीत राहतो. तिसरे निवडले तर तो उघडाच राहतो, निवडणाऱ्याच्या नावासह. ‘नंतर दुरुस्त करेन’ हा पर्याय यादीत ठेवणाऱ्याला माणसे कळतात. खरे तर पुश झालेली चावी रद्द करून नवी घ्यावीच लागते, नंतरचा कमिट तिला इतिहासातून पुसत नाही. पण कोणती चावी रद्द करायची हे तरी त्या नोंदीमुळे कळते.

अलीकडे या प्रश्नाला नवे पाय फुटले आहेत. कोड लिहिणारी एआय साधने हुक अडल्यावर पुष्कळदा तेच करतात जे घाईतला माणूस करतो. कमिट होणे हे काम सांगितलेले असते, हुक आड येतो, आणि ‘--नो-व्हेरिफाय’ लाखो ठिकाणी लिहिलेला उपाय असतो. त्यांची कामे वेगवेगळ्या वर्कट्रीत चालतात तेव्हा तर, वर सांगितल्याप्रमाणे, हुक मुळात तिथे नसण्याचीच शक्यता. सूचनांच्या फाइलीत ‘हुक वगळू नये’ असे लिहून ठेवणारे अनेक आहेत, मीही लिहितो. पण पाळले की नाही ते कमिट पाहून ठरवता येत नाही, आणि माणसाच्या बाबतीतही ते कधी ठरवता येत नव्हते.

गंमत अशी की ‘उत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्ण’ यांपलीकडचे तिसरे उत्तर गिटला माहीत आहे. सदोष कमिट शोधणाऱ्या ‘बायसेक्ट रन’मध्ये तपासणीच्या प्रोग्रामने शून्य परतवले तर कमिट चांगला, 1 ते 127पर्यंतचा आकडा परतवला तर वाईट, पण त्यातला 125 हा आकडा राखून ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ ‘हा कमिट तपासताच येत नाही, वगळा’ असा आहे. 126 आणि 127 हे आकडे शेल स्वतःच्या अडचणी सांगायला वापरते म्हणून त्यांच्या अलीकडचा सर्वांत मोठा आकडा निवडला गेला. इथे वगळलेला कमिट चांगल्यांत मोजला जात नाही. दोष त्याच्या आसपास असेल तर तो निष्कर्षात येतो. आमच्या एका जुन्या रेपोत घाईच्या रिलीजच्या रात्रीचे काही कमिट असे आहेत की त्यांची बिल्डच होत नाही. बिल्ड करून पाहणाऱ्या कोणत्याही हुकाने ते अडवले असते. काही महिन्यांनी एक दोष शोधताना बायसेक्ट नेमके त्यांच्यावर जाऊन थांबले आणि त्याने छापले की आता फक्त वगळलेलेच कमिट उरले आहेत, पहिला सदोष कमिट पुढीलपैकी कोणताही असू शकतो, यापुढे शोधता येणार नाही. खाली हॅशची यादी होती, आणि आम्ही ती वरून खाली एकेक करून हाताने वाचायला घेतली.